दारात हरवलेला डग्गा

नवी गाडी बघायला गेलेली माणसं दोन गोष्टी हमखास करतात. दार उघडून जरा जोरात लावतात आणि कान देऊन ऐकतात. ‘धप्प’ झालं तर मान डोलावतात, ‘खण्ण’ वाजलं तर एकमेकांकडे बघतात. मग आत बसून स्टिरिओ सुरू करतात आणि स्क्रीन किती इंची आहे ते विचारतात. या दोन परीक्षांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात येत नाही. खरं तर दाराचा तो आवाज स्टिरिओबद्दल जेवढं सांगून जातो, तेवढं स्क्रीन कधीच सांगत नाही. पुढे सहा महिन्यांनी ‘गाडीच्या टेपला दम नाही’ अशी कुरकुर सुरू होते, गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानापुढे उभी राहते आणि दुकानदार पहिला हात घालतो तो डॅशबोर्डला. हा कंपनीचा डबा काढू, मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवू, मग बघा! माझं म्हणणं असं आहे की कंपनीच्या स्टिरिओचा आवाज मार खातो तो बहुतेक वेळा डॅशबोर्डमध्ये नव्हे, दारात. दुरुस्तीही तिथूनच सुरू व्हायला हवी. स्क्रीनचा नंबर शेवटचा, आणि तोही लागलाच तर.

कंपनीला बोल लावण्याआधी तिचा हिशेब समजून घ्यायला हवा. गाडी बनवताना प्रत्येक रुपया आणि प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. जे दिसतं त्यावर गाडी विकली जाते, म्हणून स्क्रीनवर हात आखडता घेता येत नाही; जे दाराच्या आत झाकलं जातं तिथे काटकसर केली तरी शोरूममध्ये कुणाला कळत नाही. त्यामुळे साध्या व्हेरियंटमधला स्पीकर हातात घेतला तर तो खेळण्यासारखा हलका लागतो. प्लॅस्टिकची चौकट, कागदाचा कोन आणि मागे छोटंसं चुंबक. यातल्या कागदाला नावं ठेवायची मात्र फॅशन झाली आहे आणि ती चुकीची आहे. कित्येक उत्तमोत्तम घरगुती स्पीकरचे कोनही कागदाचेच असतात. उणीव असते ती चुंबकाच्या ताकदीत आणि चौकटीच्या कडकपणात. पण समजा, हाच स्पीकर काढून त्या जागी तिप्पट किमतीचा बसवला आणि बाकी काही केलं नाही, तरी पुष्कळदा निराशा पदरी येते. आवाज थोडा उजळतो, झांज आणि टाळ अधिक टोकदार होतात, पण डग्गा होता तिथेच, म्हणजे नसल्यातच जमा. का, ते समजायला स्पीकर नुसता हातात धरून वाजवून बघावा.

हवेत धरलेला स्पीकर पत्र्यासारखा किरटा वाजतो. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. समोरची लाट आणि मागची लाट अशा एकमेकींच्या बरोबर उलट असतात, आणि कडेवरून वळून त्या भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक, उंच स्वरांना याचा फारसा त्रास होत नाही, कारण त्यांची लांबी काही सेंटिमीटर असते आणि ते सरळ पुढे निघून जातात. खालच्या स्वरांचं तसं नाही. १०० हर्ट्झच्या स्वराची लांबी जवळपास साडेतीन मीटर भरते. सहा इंची स्पीकरची कड त्याला अडवणार ती काय! तो सहज वळतो आणि नाहीसा होतो. म्हणूनच तबल्याची चाट ऐकू येते आणि डग्ग्याचा घुमारा गायब होतो. आता एखाद्या जाड फळीला गोल भोक पाडून तोच स्पीकर त्यात घट्ट बसवला की पुढची आणि मागची हवा वेगळी होते आणि हरवलेला खर्ज परत येतो. स्पीकर तोच, ॲम्प्लिफायर तोच. घरातल्या स्पीकरला लाकडी डबा असतो तो शोभेसाठी नव्हे, नेमका यासाठी. गाडीतल्या स्पीकरला असा डबा कुणी देत नाही. त्याचा डबा म्हणजे दार.

हे दार आतून कसं असतं ते एकदा उघडून बघण्यासारखं आहे. हँडलमागचे दोन-तीन स्क्रू काढले, कडेकडेने क्लिपा उचकटल्या की डोअर पॅड सुटून हातात येतं. मागे एक पातळ प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट पट्टीने डकवलेला दिसतो. पाणी आणि धूळ आत येऊ नये एवढंच त्याचं काम. तो सोडवला की आतला पत्रा दिसतो, आणि त्या पत्र्याला काच वर-खाली करणारी यंत्रणा बसवण्यासाठी पाडलेली मोठमोठी भोकं असतात, काहींमधून अख्खा हात कोपरापर्यंत जाईल एवढी. स्पीकर याच पत्र्यावर तीन-चार स्क्रूंनी अडकवलेला असतो, कधी नुसत्या प्लॅस्टिकच्या कड्यावर. म्हणजे मागची हवा त्या भोकांमधून सरळ पुढे येऊन समोरच्या हवेला भेटते. भरीस भर म्हणजे बाहेरचा पत्रा मोठा, सपाट आणि पातळ. स्पीकर हलला की तोही थरथरतो आणि स्वतःचा एक सूर लावतो. बोटाच्या पेराने त्यावर टकटक करा, डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. शोरूममध्ये ‘खण्ण’ वाजलेलं ते हेच.

यावरचा उपाय फार चमत्काराचा नाही. दुकानात ज्याला डॅम्पिंग शीट म्हणतात ती म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा आणि दुसऱ्या बाजूला चिकट ब्युटाइल रबर, जाडी साधारण दोन मिलिमीटर. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला ती रोलरने दाबून बसवली की पत्र्याची थरथर रबरात जिरते आणि ‘खण्ण’चं ‘धप्प’ होतं. आतल्या पत्र्याची मोठी भोकं झाकून टाकायची, स्पीकरखाली घट्ट कडं बसवायचं, आणि स्पीकर व डोअर पॅडची जाळी यांच्यामध्ये फोमची पट्टी लावायची, म्हणजे आवाज पॅडच्या मागे न शिरता जाळीतून सरळ गाडीत येतो. फोमची ही पट्टी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू. यात महाराष्ट्रातल्या, विशेषतः कोकणातल्या वाचकांनी एक गोष्ट कटाक्षाने लक्षात ठेवावी. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून दाराच्या आत उतरतंच, तसं ते उतरायचंच असतं, आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या छोट्या फटींमधून बाहेर जातं. उत्साहाच्या भरात त्या फटी शीटने बुजवल्या तर दाराचा हौद होतो आणि पत्रा खालून कुजायला लागतो. कडंही एमडीएफचं नको. एक-दोन पावसाळ्यांत ते पोह्यासारखं फुगतं. प्लॅस्टिक किंवा ॲक्रिलिकचं बरं.

डॅम्पिंग म्हणजे दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे, असा आक्षेप घेणारे भेटतात, आणि त्यांचं निम्मं खरं आहे. गाडीचा तळ, छप्पर, डिकी, जिथे म्हणून पत्रा दिसेल तिथे शीट चिकटवून बिल फुगवणारे आहेत. पत्र्याची थरथर थांबवायला तो इंच न् इंच झाकावा लागत नाही. सपाट भागाचा साधारण चौथा हिस्सा, तोही मधोमध, झाकला तरी मोठा फरक पडतो. पुढच्या दोन दारांचं काम नीट झालं की पैशाचं मोल बरंचसं वसूल होतं. राहता राहिला पुरावा, सुट्या भागापेक्षा तो बसतो ती गाडी महत्त्वाची याचा. तो खुद्द गाड्यांच्या इतिहासात आहे. १९८३ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये बोस कंपनीने स्टिरिओ दिला, तेव्हा एमआयटीत शिकवणाऱ्या अमर बोस यांची भूमिका सुटे भाग भारी वापरण्याची नव्हती. त्या विशिष्ट गाडीचा आतला आकार, काचा, सीटा आणि माणसं बसण्याची जागा धरून संपूर्ण यंत्रणा जुळवायची, अशी होती. सेल्टोस आणि एक्सयूव्ही ७०० या गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये अनुक्रमे बोसचे आठ आणि सोनीचे बारा स्पीकर मिळू लागले तेव्हा जास्तीच्या पैशात स्पीकरच्या संख्येइतकंच हे जुळवणंही आलं. अशा गाडीत बाहेरचा स्पीकर आणून बसवू नये. काही ब्रँडेड यंत्रणांचे स्पीकर नेहमीच्या चार ओहमऐवजी दोन ओहमचे किंवा त्याहूनही कमी असतात. तिथे चार ओहमचा महागडा स्पीकर लावला तर तो उलट हळूच वाजतो.

आता वॅटबद्दल. एकेकाळी दोन हातांत मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवर हजारो वॅट ‘पीएमपीओ’ असं छापलेलं असायचं आणि आपण ते भक्तिभावाने वाचायचो. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. गाडीच्या स्टिरिओवर लिहिलेल्या ‘५० वॅट गुणिले ४’ या आकड्याला अर्थ आहे, पण आपण समजतो तो नाही. इंजिन सुरू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओच्या आतला छोटा ॲम्प्लिफायर स्पीकरला याहून जास्त व्होल्ट देऊ शकत नाही. १४.४ चा वर्ग करून चार ओहमने भागा, उत्तर ५१.८४ येतं, हेच ते ५० वॅट. पण हा हिशेब चौकोनी लाटेचा झाला, म्हणजे सूर पार चिरडून सपाट केल्यावरचा. गोलाईदार, स्वच्छ स्वराचा हिशेब केला तर हीच शक्ती बरोबर अर्धी, २६ वॅटच्या आत येते, आणि वाटेतली गळती धरली तर हातात १८-२० उरतात. चार हजारांचा असो की चाळीस हजारांचा, बॅटरीच्या व्होल्टवर थेट चालणाऱ्या प्रत्येक स्टिरिओला ही मर्यादा आहे. म्हणून ‘नव्या स्क्रीनमध्ये जास्त वॅट आहेत’ हे वाक्य ऐकलं की शांतपणे चहाचा घोट घ्यावा.

शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट शक्तीने तीन डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला ‘हं, थोडा वाढला’ एवढंच जाणवतं. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. स्पीकर घेताना वॅटपेक्षा त्याची सेन्सिटिव्हिटी बघायची ती यामुळे. एका स्पीकरच्या खोक्यावर ८८ डेसिबल आणि दुसऱ्याच्या ९१ लिहिलेलं असेल आणि दोन्ही आकडे एकाच रीतीने मोजलेले असतील, तर दुसरा तेवढ्याच वॅटमध्ये पहिल्यापेक्षा दुप्पट शक्ती मिळाल्यासारखा वाजेल. कंपनीच्या स्टिरिओवरच चालवायचं असेल तर ३०० वॅटचा रुबाब मिरवणारा जड स्पीकर नकोच. हलका, चटकन हलणारा हवा. उंच स्वरांचा छोटा ट्वीटर वेगळा असलेला, ज्याला कंपोनंट म्हणतात, तो सेट पुढच्या दारांसाठी शक्य तर घ्यावा, कारण दारातला स्पीकर घोट्याजवळ असतो आणि गाणाराही तिथेच बसल्यासारखा वाटतो. ट्वीटर पिलरवर किंवा आरशाच्या आतल्या कोपऱ्यात आला की गाणारा उठून काचेसमोर येतो. मागच्या दारांवर खर्च करायची घाई नको.

स्क्रीन बदलण्याच्या बाजूनेही बोलता येतं, आणि तो मुद्दा टाकाऊ नाही. बाहेरच्या चांगल्या हेड युनिटमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद मागे-पुढे करता येतो, कुठल्या स्पीकरकडे कुठले स्वर पाठवायचे ते ठरवता येतं, इक्वलायझरचे पट्टे तीनऐवजी दहा-बारा असतात. पण हे सगळं चांगल्या युनिटमध्ये. दुकानात पुढे केली जाणारी दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन म्हणजे पुष्कळदा नुसता टॅबलेट, आवाजाचा भाग त्यात यथातथाच. दुसरीकडे, आजच्या गाडीत स्टिरिओ हा सुटा डबा राहिलेलाच नाही. स्टिअरिंगवरची बटणं, मागचा कॅमेरा, पार्किंगचे सेन्सर, काही गाड्यांत एसीसुद्धा त्याच स्क्रीनला जोडलेला असतो. ती उपटली की यातलं काहीतरी लंगडं होतं. वायरी कापून जोडल्या असतील तर पुढे वीजयंत्रणेत बिघाड झाल्यावर वॉरंटीचा वाद अंगावर येतो. स्पीकर मात्र वायर न कापता कपलरला कपलर जोडून बदलता येतो आणि गाडी विकताना जुना परतही बसवता येतो.

खिशात हात घालण्याआधी फुकटच्या गोष्टी करून बघाव्यात, आणि त्यातली पहिली म्हणजे गाणं येतं कुठून ते तपासणं. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली, चार वेळा दाबून दाबून चिपाड झालेली फाईल जगातल्या कुठल्याही स्पीकरवर चिपाडच वाजणार. ॲपमधली ध्वनीची प्रत ‘ऑटो’वरून काढून वरच्या पायरीवर ठेवावी, फोनचा आवाज पूर्ण वाढवून गाडीचा कमी-जास्त करावा, आणि फोनचा इक्वलायझर बंद ठेवावा, दोन-दोन ठिकाणी मसाला पडला की भाजी बिघडते. ब्लूटूथवर आवाज पाठवताना पुन्हा एकदा दाबला जातो, म्हणून यूएसबी वायरने ऐकून फरक पडतो का ते बघावं. पडेलच असं नाही. आणि बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेलं पद वाजवून ‘बेस नाही’ म्हणू नये. तो त्या तबकडीतच फारसा उतरलेला नव्हता. बेसचं बटण कितीही पिळलं तरी तिथून खरखर आणि घरघर तेवढी वर येईल.

बेसच्या बटणाचं गणितही बघण्यासारखं आहे. सहा डेसिबल बेस वाढवला म्हणजे त्या स्वरांसाठी चौपट शक्ती मागितली. पाच वॅटवर सुखाने चाललेल्या गाण्याला आता वीस हवेत, आणि वीसच तर शिल्लक आहेत. आणखी थोडा आवाज वाढवला की लाटांचे माथे छाटले जातात, तोच तो चौकोनी आवाज, आणि बिचारा ट्वीटर जळतो. म्हणून वाढवण्यापेक्षा खुपणारा पट्टा खाली आणणं शहाणपणाचं. बॅलन्सचं बटण तर बहुतेकांनी आयुष्यात हलवलेलं नसतं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याला डाव्यापेक्षा साधारण अर्धा मीटर जवळ. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवीकडचा स्वर दीड मिलिसेकंद आधी पोचतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून नेमकं पुढे आलं की कानांवर जो आवाज आधी पडतो, त्याच दिशेने सगळा आवाज आला असं मेंदू धरून चालतो. त्यामुळे अख्खी मैफल उजव्या गुडघ्याशी गोळा होते. बॅलन्स डावीकडे दोन-तीन घरं सरकवला आणि फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांमधली वाटणी, थोडा पुढे घेतला की गायिका निदान डॅशबोर्डच्या मधल्या बाजूला सरकते. शेजारी बसणाऱ्याची तक्रार येईल, ती सोसावी.

‘हायवेला टायरच्या घरघरीत कसलं आलंय संगीत?’ हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. ताशी ८०-१०० च्या वेगाला गाडीत ६५ ते ७० डेसिबलचा गोंगाट सहज असतो, आणि त्यातला मोठा भाग खालच्या स्वरांचा. म्हणजे तो नेमका डग्ग्यावर आणि तानपुऱ्याच्या खर्जावर पांघरूण घालतो. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. गोंगाटाच्या वर आवाज चढवणं म्हणजे कानांवर अत्याचार आणि मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या सायरनकडे दुर्लक्ष. त्यापेक्षा खालचा स्वर मुळात भरीव असेल तर कमी आवाजातही गाणं गोंगाटातून वर राहतं. दारं बंदिस्त करण्याने हे बरंच साधतं. त्यापलीकडे खर्ज हवा असेल तर सबवूफर. गाडीचा छोटा, बंद अवकाश अगदी खालच्या स्वरांना आपोआप उचलून धरतो, त्यामुळे फार मोठा सब लागत नाही. ज्यांची डिकी सीएनजीच्या टाकीने भरलेली आहे त्यांच्यासाठी सीटखाली सरकणारे, आतच ॲम्प्लिफायर असलेले आठ इंची चपटे सब मिळतात. ते छाती हादरवत नाहीत. पखवाजाला बूड देतात. पुढची दारं कच्ची ठेवून डिकीत बारा इंची सब टाकणं मात्र उलट्या क्रमाचं. पुढे गाणं किरटं आणि मागे धडधड, दोघांची गाठ पडत नाही.

एवढं करूनही आवाज चढवल्यावर फाटत असेल तरच वेगळा ॲम्प्लिफायर. कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरींवरूनच सिग्नल घेणारे आणि आत आवाज जुळवणारी डीएसपी चिप असलेले छोटे ॲम्प आता मिळतात, त्यामुळे स्क्रीन जागची न हलवता वेळेचं जुळवणं, स्वरांची वाटणी आणि खरीखुरी शक्ती तिन्ही पदरात पडतात. स्क्रीनच्या बाजूचा शेवटचा मोठा मुद्दाही इथे गळून पडतो. बॅटरीपासून येणाऱ्या जाड वायरीला बॅटरीजवळच, फार तर दीड फुटाच्या आत, फ्यूज हवा. वायर शुद्ध तांब्याची आहे की वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची, ते टोक खरवडून बघावं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काम करून घेताना कारागिराला घाई असते, मागे तीन गाड्या उभ्या असतात. आपण मात्र घाई करू नये. डोअर पॅड परत लावण्याआधी प्रत्येक काच वर-खाली करून घ्यावी, स्पीकरचं चुंबक तिला घासत नाही ना ते बघावं. मग काचेवर बाटलीभर पाणी ओतावं आणि खाली वाकून दाराच्या तळाच्या फटीतून ते टिपकायला लागतं का, ते पाहावं.